पेला उंचावण्याआधीची दोन मिनिटे

जर्मनीच्या नैऋत्य भागात, हायडेलबर्गच्या थोडे दक्षिणेला, वाल्डॉर्फ हे पंधरा हजारांच्या आसपास वस्तीचे गाव आहे. गाव लहान, पण त्याचे नाव दोनदा जगभर गेले. पहिल्यांदा ते गेले योहान याकोब आस्टोरबरोबर. १७६३ साली इथल्या एका खाटकाच्या घरी जन्मलेला हा मुलगा अमेरिकेत फरच्या आणि जमिनीच्या व्यापारात गडगंज झाला. पुढे त्याच्या वंशजांनी १८९० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये शेजारीशेजारी दोन हॉटेले उभी केली आणि त्यांतून वाल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हे नाव तयार झाले. दुसऱ्यांदा ते गेले एसएपीबरोबर. १९७२ साली आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी काढलेल्या या सॉफ्टवेअर कंपनीचे मुख्यालय आज या गावात आहे. बंगळूरला तिचे मोठे केंद्र १९९८ पासून आहे, त्यामुळे भारतातून वाल्डॉर्फकडे माणसांची ये-जा सतत चालू असते आणि त्यांत मराठी माणसे भरपूर. म्हणजे गंमत अशी, की एका वाल्डॉर्फच्या नावाने मेजवानीतली भाषणे गाजली, तर दुसऱ्या, खऱ्या वाल्डॉर्फात रोज कुणाचा तरी निरोपसमारंभ असतो, कुणाची बढती, कुणाचा प्रकल्प तडीला गेलेला, आणि चार देशांतल्या चौघांपैकी एकाला उठून काहीतरी बोलावे लागते. या परिसरात इंग्रजीतून आणि जर्मनमधून चालणारे टोस्टमास्टर्स क्लब आहेत ते याच गरजेपोटी. प्रश्न असा, की कुणाच्या गौरवार्थ पेला उंचावताना बोलायचे ते दोन मिनिटांचे बोलणे अशा क्लबात शिकता येते का, आणि येत असेल तर क्लब जे मोजतो ते मोजून येते का. माझे उत्तर पहिल्या प्रश्नाला होकाराचे आणि दुसऱ्याला बरेचसे नकाराचे आहे.

क्लबांचा इतिहास इथे थोडा पाहावा लागतो, कारण घोळ नावापासूनच सुरू होतो. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मेजवानीत एकामागून एक इतके पेले उंचावले जात, की कुणी, कुणासाठी आणि कधी बोलायचे हे सांभाळायला एक माणूस नेमावा लागे. तो टोस्टमास्टर. राल्फ स्मेडली या वायएमसीएच्या कार्यकर्त्याने १९०५ मध्ये इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला तरुणांसाठी भाषणसरावाचा एक गट काढला आणि हे मेजवानीचे नाव त्याला दिले. कॅलिफोर्नियातल्या सांता आनाला २२ ऑक्टोबर १९२४ रोजी जो क्लब भरला, तिथून आजच्या संस्थेचा हिशोब धरतात. स्त्रियांना रीतसर सभासदत्व मिळायला १९७३ साल उजाडले. नाव मेजवानीचे राहिले, पण काम झाले सभेचे. तयारी करून केलेली पाच-सात मिनिटांची भाषणे, आयत्या वेळी दिलेल्या विषयावर बोलायचे 'टेबल टॉपिक्स', हिरवा-पिवळा-लाल रंग दाखवणारा टायमर, बोलणाऱ्याचे 'अं' आणि 'म्हणजे' मोजणारा एक सभासद, व्याकरण टिपणारा दुसरा, आणि शेवटी प्रत्येक भाषणाचे मूल्यमापन करणारा तिसरा, असा हा बांधीव कार्यक्रम. या सगळ्यात प्रत्यक्ष टोस्ट, म्हणजे पेला उंचावतानाचे बोलणे, कुठे आहे, तर कोपऱ्यात. जुन्या अभ्यासक्रमात ती पहिल्या दहा भाषणांत नव्हतीच. पुढच्या पायरीवर, प्रसंगविशेषांच्या भाषणांच्या पुस्तिकेत, दोन ते तीन मिनिटांचा एक पाठ म्हणून ती येई. नव्या 'पाथवेज' अभ्यासक्रमातही सामाजिक प्रसंगांची भाषणे ऐच्छिक आहेत. टोस्टमास्टर म्हणवून घेणारा माणूस एकही टोस्ट न देता वर्षानुवर्षे सभासद राहू शकतो.

हे दुर्लक्ष का झाले असावे? टोस्ट म्हणजे भाषणाची बारकी आवृत्ती, मोठे जमले की छोटे आपोआप जमेल, असा समज त्यामागे दिसतो. तो मला चुकीचा वाटतो. भाषणाचा शेवट वक्ता करतो. टोस्टचा शेवट जमलेले लोक करतात. वक्त्याने त्यांना एका क्षणापर्यंत आणून सोडायचे, आणि तो क्षण आला हे कुणीही न सांगता सगळ्यांना एकदम कळले पाहिजे. जर्मनीत घराचा लाकडी सांगाडा उभा राहिला, छपराची तुळई चढली, की 'रिश्टफेस्ट' करतात. काळ्या पोशाखातला सुतार छपरावर चढतो, घरमालकाला, वास्तुरचनाकाराला आणि मजुरांना धन्यवाद देणारे, घराला शुभ चिंतणारे यमकबद्ध बोल म्हणतो, पेला रिकामा करतो आणि खाली फेकतो. तो फुटला की खालची मंडळी ओरडतात आणि मग जेवणावर बसतात. न फुटणे अशुभ. सुताराचे वक्तृत्व कसे होते याची चर्चा कुणी करत नाही. पेला फुटला आणि सगळे एकदम ओरडले, एवढ्यावर त्याचे काम झाले. जॉर्जियात जेवणाच्या बैठकीचा 'तमादा' रात्रभर ठरलेल्या क्रमाने पेले उंचावतो, हयात माणसांसाठी आणि गेलेल्यांसाठीही, आणि त्याच्यानंतर टेबलावरचे लोक आपापली भर घालतात. तिथेही एकट्याने बोलून टाळ्या घेणे हा मुद्दाच नसतो.

आपल्याकडे हे नाही असे म्हणणाऱ्याने पंगत आठवावी. पाने मांडलेली, उदबत्ती लावलेली, वाढपी भाताची शेवटची मूद टाकून मागे सरलेले, आणि कुणीतरी एक जण श्लोक म्हणतो. तो संपतो न संपतो तोच 'पार्वतीपते' ऐकू येते आणि सगळी पंगत 'हर हर महादेव' म्हणून उत्तर देते. मग दुसरा कुणी पुढचा श्लोक उचलतो. घरातल्या लहान मुलाला मुद्दाम पुढे करून म्हणायला लावत. ते अडखळले तरी शेवटचा गजर पंगत सांभाळून नेई. विचार केला तर वक्तृत्वाचा याहून चांगला पहिला धडा सापडणे कठीण. वेळ एक मिनिट, श्रोते आपले, आणि शेवट पडू न द्यायची जबाबदारी सगळ्यांची. लग्नाच्या जेवणात घास भरवण्याआधी अडवून घ्यायला लावलेले नाव हा याच घराण्यातला दुसरा प्रकार. त्यामुळे पेला उंचावणे हा दारूचा परका रिवाज, आपल्याला तो कशाला, या आक्षेपात मला फारसा दम वाटत नाही. राष्ट्रपती भवनातल्या मेजवानीतही पाहुण्या राष्ट्रप्रमुखाच्या आरोग्यासाठी पेला उंचावण्याचे आवाहन भाषणाच्या शेवटी असतेच. पेल्यात काय आहे हा प्रश्न दुय्यम. जमलेल्यांनी एका माणसाकडे किंवा एका घटनेकडे एकाच वेळी तोंड करणे हे मुख्य.

मग मराठी माणसाला वाल्डॉर्फात हे जड का जाते? इंग्रजी किंवा जर्मन कच्चे असते हे अर्धेच कारण. उरलेले अर्धे आपण वक्तृत्व कसे शिकलो यात आहे. मुंबईत १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी सभा काढली, तिच्या मराठी शाखेत निबंध वाचून त्यांवर चर्चा होत. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आजही भरते. ही परंपरा थोर आहे, पण ती विषयाची परंपरा आहे. वक्ता एका विषयाबद्दल, समोरच्या अनोळखी समुदायापुढे बोलतो. शाळा-कॉलेजांच्या वक्तृत्वस्पर्धांनी तीच उचलली: पाच अधिक दोन मिनिटे, इशाऱ्याची घंटा, चिठ्ठीवर विषय, आणि मुठी आवळून केलेला समारोप. समोर बसलेल्या एका ओळखीच्या माणसाबद्दल, त्याला ऐकू जाईल असे, थोडक्यात बोलायचे शिक्षण यात कुठेच नव्हते. ते काम आपण सत्कारावर सोपवले, आणि सत्काराची रचनाच अशी की वक्ता सत्कारमूर्तीकडे पाठ करून बोलतो. ते बिचारे मागे खुर्चीवर शाल-श्रीफळ मांडीवर घेऊन बसलेले, माईक पुढे, आणि त्यांच्याविषयी जे काही चालले आहे ते सगळे तृतीयपुरुषात. 'दोन शब्द बोलतो' म्हणून उठलेला माणूस वीस मिनिटांनी चिठ्ठी आल्याशिवाय बसत नाही, आणि तेवढ्या वेळात निम्मे स्वतःच्याच तालुक्यातल्या कामाविषयी बोलून घेतो. मानपत्रातली विशेषणे तर अशी असतात, की नाव बदलले तर तीच चौकट पुढच्या वर्षी दुसऱ्याला देता यावी.

इथे खरा मुद्दा येतो. स्तुती खोटी वाटते ती जास्त झाल्यामुळे नव्हे, कुणालाही लागू पडेल अशी असल्यामुळे. याचा एक जुना पुरावा आपल्याच नाशिकात दगडावर आहे. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, प्रशस्ती कोरवून घेतली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली गोष्ट. मुलगा तेव्हा हयात नव्हता, नातू पुळुमावी गादीवर होता. प्रशस्तीत राजांना लावायची सगळी ठरीव विशेषणे आहेत: त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, त्याने क्षहरातांचे निर्मूलन केले, अमुक अमुक देश त्याच्या सत्तेखाली होते. आणि त्याच ओळीत, पराक्रमांच्या गर्दीत, आईच्या सेवेत ज्याने कधी खंड पडू दिला नाही असा, हेही एक विशेषण आहे. घोडे कुठल्याही दरबारी कवीने समुद्रावर नेले असते. हे एक मात्र बलश्रीच्या तोंडी आले की त्याचे वजनच बदलते, कारण ते सांगायचा अधिकार तिचा. अठराशे वर्षांनी वाचणाराही तिथे थबकतो.

दुसरा पुरावा हलका, पण जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा. १९६३ साली उत्तर जर्मन दूरदर्शनने 'डिनर फॉर वन' नावाचे इंग्रजी प्रहसन चित्रित केले, आणि आता ते दर ३१ डिसेंबरला तिथे लावल्याशिवाय वर्ष संपत नाही. मिस सोफीचा नव्वदावा वाढदिवस. तिचे चार जुने मित्र केव्हाच वारले आहेत, पण टेबलावर त्यांच्या जागा मांडलेल्या आहेत, आणि बटलर जेम्स प्रत्येक पदार्थाबरोबर चौघांच्या वतीने पेला उंचावून पितो. शेरी, व्हाइट वाइन, शॅम्पेन, पोर्ट. लोक हसतात ते त्याच्या वाढत्या झिंगेला आणि वाघाच्या कातड्याच्या डोक्यावर पुन्हा पुन्हा ठेचकाळण्याला. पण नीट पाहिले तर फ्रेडी फ्रिंटन हा नट प्रत्येक मित्रासाठी आवाज आणि उभे राहण्याची ढब बदलतो. अ‍ॅडमिरल फॉन श्नायडरच्या पेल्याला टाचेवर टाच आपटावीच लागते, मग पाय कितीही लटपटोत. खुर्च्या रिकाम्या आहेत आणि तरीही कोण कुठे बसले आहे हे आपल्याला कळते. विनोदासाठी का होईना, चौघांची चार वेगळी माणसे राहिली आहेत.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. स्तुतीचा सराव करणे हेच मुळात ढोंग नव्हे का? मनापासूनचे बोलणे आपोआप यावे, आरशासमोर घोटून नाही. हा आक्षेप ऐकायला चांगला वाटतो, पण आपण स्वतः तो कुठेच पाळत नाही. उखाणा पाठ केलेला असतो, त्यातली चांदीची वाटी केवळ यमकासाठी आलेली असते, आणि हे दारातल्या सगळ्यांना माहीत असते. तरी नाव घेण्याच्या क्षणी नवरीचा चेहरा बदलतो तो खोटा म्हणायची कुणाची छाती होत नाही. मंगलाष्टके तर दोन्ही घरची नावे गुंफून आधी लिहून घेतात. वाल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरियात दीर्घकाळ भरत राहिलेल्या अल स्मिथ स्मृतिभोजनाचा दाखला इथे उपयोगी पडेल. अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे दोन्ही उमेदवार निवडणूक तोंडावर आली असताना बहुतेक वेळा एका टेबलावर बसतात आणि एकमेकांची व स्वतःची थट्टा करतात. १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन दोघेही तिथे बोलले. त्या कोट्या आधी लिहिलेल्या आणि घासूनपुसून घेतलेल्या असतात हे हजर असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही प्रतिस्पर्ध्यासमोर, तो पाहत असताना, स्वतःवर हसण्याची कृती खरीच घडते. तयारीने भावना खोटी होत नाही. तयारी नसली की काय होते ते मात्र आपण सत्कारसभांत पाहतोच: घाबरलेला माणूस तयार विशेषणांच्या आश्रयाला जातो. हल्ली यंत्राकडूनही नीटनेटकी टोस्ट अर्ध्या मिनिटात लिहून मिळते. ती बहुधा मानपत्रासारखीच निघते आणि त्याच कारणाने.

याउलट क्लबावरचा एक आक्षेप मला मान्य करावा लागतो. तिथे प्रत्येकाला टाळ्या मिळतात, प्रत्येक मूल्यमापन आधी कौतुक, मग सूचना, पुन्हा कौतुक अशा क्रमाने जाते, आणि काही महिन्यांत सगळ्यांचे हातवारे एकमेकांसारखे होतात. नवख्या माणसाचा धीर चेपायला हे उत्तम. पण टोस्टच्या बाबतीत हीच सवय आड येते, कारण क्लब वक्त्याकडे पाहायला शिकवतो आणि टोस्टमध्ये लोकांनी वक्त्याकडे कमीत कमी पाहायचे असते. 'अं' किती वेळा आला हे मोजून इथे काही हाती लागत नाही. निरोप देताना माणूस एकदा अडखळला तर ते बिघडलेले नसते. वेळेचे बंधन मात्र शंभर टक्के कामाचे. हातात पेले घेऊन उभ्या असलेल्या लोकांवर तीन मिनिटांनंतर अन्याय होतो, आणि लाल कार्ड दाखवणारा टायमर ही गोष्ट आपल्या सत्कारसभांनी उद्याच्या उद्या उसनी आणावी अशी आहे. दुसरी अडचण अशी, की क्लबात टोस्ट बहुधा काल्पनिक माणसाला दिली जाते. कुणीतरी न झालेल्या लग्नातल्या नसलेल्या नवरदेवाबद्दल बोलतो. मग विशेषणांखेरीज उरणार काय?

वाल्डॉर्फसारख्या ठिकाणी खऱ्या प्रसंगांची वानवा नाही, हे म्हणून महत्त्वाचे. जर्मन कार्यालयांत नव्याने रुजू झालेला माणूस काही दिवसांत सहकाऱ्यांना खाऊ-पिऊ घालतो, सोडून जाणाराही घालतो, आणि वाढदिवसाचा केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा असतो. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नयेत, ते अपशकुनी मानतात. आपला उत्साही माणूस शुक्रवारीच रविवारचे अभिनंदन करून टाकतो आणि समोरचा कसनुसा हसतो. पेल्याला पेला भिडवताना डोळ्यांत पाहायचे, सगळ्यांना मिळेपर्यंत घोट घ्यायचा नाही. बोलणे तर आणखी आटोपशीर हवे. आपल्याकडच्या मापाने केलेली स्तुती तिथल्या माणसाला अवघडून टाकते, पण 'त्या डेटा-स्थलांतराच्या रात्री तुम्ही दोन वाजेपर्यंत लाइनवर थांबला होता' एवढे एक वाक्य त्याला पुरते. 'तुम्ही' की 'तू' हा पेच जर्मनमध्येही मराठीसारखाच आहे, तो मराठी माणसाला उलट सोपा जातो. इंग्रजीतून बोलले तर ती खोलीतल्या बहुतेकांची परकीच भाषा असते, म्हणून तिथे कुणाचा वरचष्मा नाही. भाषा कच्ची म्हणून टोस्ट जमत नाही ही सबब त्यामुळे टिकत नाही. तीन साधी वाक्ये आणि एक नेमकी गोष्ट एवढेच भांडवल लागते, आणि तेवढी भाषा वर्षभरात कुणालाही येते.

तेव्हा क्लबात सराव करायचा तर खोलीत हजर असलेल्या माणसावर करावा, आणि त्याला समोर बसवून. नव्याने आलेला सभासद, पहिले भाषण केलेली व्यक्ती, गाव सोडून चाललेला कोणी. मूल्यमापन करणाऱ्याने वक्त्याच्या आवाजाबद्दल शेवटी बोलावे. आधी श्रोत्यांपैकी एकाला विचारावे, की या माणसाबद्दल मघाशी ठाऊक नव्हते असे आता काय कळले. उत्तर 'ते फार मेहनती आहेत' असे आले तर टोस्ट पुन्हा द्यायला लावावी. पेला उंचावण्याचे शेवटचे वाक्य वेगळे घोटून घ्यावे, कारण तिथेच बहुतेक जण गडबडतात: वाक्य संपले असे वाटून लोक पेला उचलतात आणि वक्ता 'आणि आणखी एक' म्हणतो. परदेशातल्या मराठी मंडळांच्या गणेशोत्सवातही हे करून पाहता येईल. देणगीदार आणि कार्यकर्ते यांचा सत्कार तिथे असतोच, मुले रंगमंचाजवळ पळत असतात, प्रसादाच्या रांगेत लोक चुळबुळत असतात. माईक घेणाऱ्याने वळून त्या माणसाकडे तोंड करावे, मंडप बांधताना त्याने काय केले ते सांगावे, आणि शेवटचा शब्द असा ठेवावा की त्यावर सगळ्यांना 'मोरया' म्हणता येईल.